दुपट्ट्याखालचा सौदा

नव्या लायनीतला नऊ नंबरचा गाळा माझ्या नावावर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण अमरावतीतल्या अर्ध्या लोकांना अजून वाटतं की तो माझ्या दिराचा आहे. दिरालाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

नवी लाइन म्हणजे मुन्शीपालटीनं जुन्या पेठेच्या पाठीमागची पडीक जागा साफ करून रुंद रस्ता काढला, आणि दोन्ही अंगांना दगडी जोत्याचे, कमानीच्या दारांचे गाळे उभे राहिले, ती. विजेचे दिवे येणार, येणार म्हणून खांब आधीच रोवून ठेवले होते. तिथं चष्मेवाला आला, शिवणयंत्रवाला आला, रेशमी लुगड्यांचं दुकान आलं, गाण्याच्या तबकड्या विकणारा आला. साहेब लोकांच्या आणि वकिलांच्या बायका टांग्यातून उतरायच्या त्या याच लायनीत. बाकीचं गाव नुसतं बघायला जायचं.

ज्या वर्षी कापसाला भाव आला, त्या वर्षी खुशालरावांनी माझ्यासाठी सोन्याच्या पाटल्या करायच्या काढल्या. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कुणी नाक मुरडू नये. ते असताना कधी घेतलं नाही, आता घेते. मी म्हटलं, पाटल्या नकोत, मला त्या लायनीत एक गाळा घ्या आणि कागद माझ्या नावाचा करा. ते हसले. म्हणाले, गाळा काय हातात घालून मिरवशील काय? पण केला. मी तिसऱ्या बुकापर्यंत शिकलेली बाई, तरी कागदावर माझं नाव मला वाचता आलं, तेवढं शिक्षण मला पुरलं.

खुशालरावांना जाऊन दोन वर्षं झाली तेव्हाची ही गोष्ट. गाळ्यात घड्याळवाला होता, तो दिवाळीत नागपूरला निघून गेला आणि गाळा रिकामा झाला. माझे दीर उत्तमराव कापूस बाजारात अडत्या. खुशालराव होते तोवर दोघं भाऊ एकाच गादीवर बसायचे. उत्तमराव माणूस सरळ, व्यसन नाही, कुणाचं वाईट चिंतणं नाही. पण बाईमाणसाला लोणच्यापलीकडचं काही कळतं यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी परस्पर अकोल्याच्या चंद्रभान सेठला जबान देऊन टाकली. सेठ म्हणजे कापसाचा मोठा खरेदीदार, आणि आता त्याला अमरावतीत काचेची कपाटं लावून फॅन्सी मालाचं दुकान काढायचं होतं. महिना पस्तीस रुपये देणार होता. मला विचारलं तेव्हा मी ‘बघू’ म्हटलं. उत्तमरावांनी त्याचा अर्थ ‘हो’ असा धरला. तसं बघितलं तर मीही सेठलाच देणार होते. पस्तीस रुपये कुणाला कडू लागतात? पण मी देणार होते, त्यांनी नाही, एवढाच माझा मुद्दा होता, आणि तो त्यांच्या डोक्यात जावा म्हणून मी पंधरा दिवस ‘बघू’वरच बसले.

त्या पंधरा दिवसांत हलीमाबी आली.

हलीमाबी मण्यारीण. माहेर अंजनगाव सुर्जीचं. तीस वर्षं डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती आमच्या आळीत येत होती. माझ्या लग्नाचा चुडा तिच्या सासूनं भरला, पण त्यानंतरची प्रत्येक बांगडी हलीमाबीनं. माझ्या दोन्ही मुलींच्या, सून रमाच्या, सगळ्यांच्या हातांची मापं तिला तोंडपाठ. खुशालराव गेल्यावरही ती यायची, मागच्या ओसरीवर बसून रमाला बांगड्या भरायची, कोनाड्यात तिच्यासाठी वेगळी ठेवलेली कपबशी स्वतः उतरवून घ्यायची, चहा प्यायची आणि जायची. माझ्या हाताकडे बघायची नाही.

त्या दिवशी टोपली नव्हती. सोबत तिचा मुलगा इनायतुल्ला होता, पंचविशीचा, धुतलेला सदरा घालून. तो अंगणातच उभा राहिला. उत्तमराव समोर बंगईवर बसून झोके घेत होते.

तिनं गाळा मागितला.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण ती खाली बसून सावकाश सांगू लागली. गुडघे गेले, टोपली उचलत नाही, हे एक. दुसरं म्हणजे साहेबांच्या, वकिलांच्या सुना आता मण्यारणीला घरी बोलावत नाहीत. त्यांना दुकानात जायचं असतं, आरशासमोर बसायचं असतं, चार डझन काढून एक घ्यायचा असतो. जुन्या पेठेत दुकान काढलं तर त्या तिथं पाय ठेवत नाहीत. इनायतुल्लानं लायनीतल्या पाच मालकांना विचारलं. पाचही जणांनी गाळा दिला म्हणून सांगितलं. त्यातल्या तिघांच्या दाराला अजून कुलूपच आहे.

“दोन सालात माया धंदा बुडते, बाई,” ती म्हणाली. “मंग याले कुठं पाठवू? गिरनीत?”

उत्तमरावांची बंगई थांबली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता सांगून टाका. आणि माझी पंचाईत झाली. तीस वर्षं जिच्या मांडीवर हात ठेवला, तिला सगळ्यांसमोर, तिच्या लेकासमोर, नाही म्हणायचं? ते पाच मालक म्हणाले तसं ‘दिला’ म्हणून खोटं सांगायचं? मी कुणाला घाबरून खोटं बोलत नाही. पण तिचं तोंड उतरलेलं बघायचीही माझी तयारी नव्हती.

तेव्हा मला बाजारातली रीत आठवली.

आमच्याकडे कापसाचा सौदा तोंडानं होत नाही. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसतात, हातांवर दुपट्टा टाकतात, आणि दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. आधी दहाचा आकडा, मग सुट्टा. मध्ये कुणी बोलायचं नाही. पटलं नाही तर हात ओढून घ्यायचा, आणि पटलं तर हात समोरच्याच्या हातात ढिला सोडून द्यायचा. हात ढिला पडला की सौदा झाला; मग त्याला कागद नको, शपथ नको. कुणी किती मागितलं, कुणी किती दिलं, हे दोघांशिवाय कुणाला कळत नाही, म्हणून नाही म्हटलेल्याची लाजही राहात नाही. हे सगळं मला खुशालरावांनी शिकवलं होतं, रिकाम्या दुपारी, माझ्याच पदराखाली. त्यातलं थोडं शिकवणं होतं आणि थोडं दुसरंच काही होतं, ते इथं सांगायचं कारण नाही.

मी मनात ठरवलं: दुपट्ट्याखाली चाळीस मागायचे. हलीमाबीला ते झेपणारच नाहीत. ती हात ओढून घेईल, गोष्ट तिथंच मिटेल, कुणाचं तोंड उतरणार नाही.

मी उत्तमरावांना म्हटलं, “भाऊजी, तुमचा दुपट्टा द्या.”

“काहून?”

“सौदा करतो. तुमी माणसं करता तसा.”

त्यांनी हसून दुपट्टा खांद्यावरून काढला. म्हणाले, बायकांच्या सौद्याला माझा दुपट्टा, उद्या बाजारात कळलं तर लोक मला फुगडी खेळायला बोलावतील. मी म्हटलं, धुऊन देईन. रमा दारात येऊन उभी राहिली होती, तिला हसू आवरेना. मी तिला डोळ्यांनीच आत पाठवली.

हलीमाबीला मी बोटांचे आकडे सांगितले. डझनावारी बांगड्या बोटांवर मोजणारी बाई ती, एकदा सांगितल्यावर पुन्हा विचारलं नाही. पटलं नाही तर हात ओढ, हेही सांगितलं. हात ढिला सोडण्याचं मी सांगितलं नाही. सांगायची गरजच वाटली नाही. माझ्या मनात सौदा मोडायचाच होता, मग जुळल्यावर काय करायचं ते कशाला शिकवा?

आम्ही सतरंजीवर समोरासमोर बसलो. दुपट्टा पडला.

मी तिची चार बोटं दाबली. चाळीस. तिनं हात ओढला नाही. थोडं थांबून माझी दोन बोटं दाबली, मग पुन्हा दोन. बावीस. मी पुन्हा चार. तिनं वीस आणि चार केले. मी पुन्हा चार, आणि या वेळेला जरा जोरात, म्हणजे कळावं. मग मूठच आवळून ठेवली. तिनं माझी मूठ तशीच राहू दिली आणि तिच्यावरूनच दोन बोटं चाचपून दाबली, वीस. नंतर मनगटाशी पंजा टेकवून पाच, वर एक बोट. सव्वीस.

आता मी हात ओढायचा, एवढंच राहिलं होतं.

पण तिनं माझा हात धरला होता तो बाजारातल्या माणसासारखा नाही. अंगठा मुठीत सारून माझ्या तळव्यात, चार बोटं वरून, आणि बोटांच्या मुळाशी एकेक गाठ दाबून बघत. थंडीत माझी पेरं सुजतात. तिनं मधल्या बोटाचं सुजलेलं पेर बरोबर शोधलं आणि त्याच्या बाजूनं हळूच चोळलं. दोन वर्षांत माझा हात कुणी असा हातात घेतला नव्हता. लेकी पाया पडतात, सून पाणी देते, नातू बोट धरतो. पण हात कुणी घेत नाही.

“हात ढिला सोडा, बाई,” हलीमाबी म्हणाली.

आणि मी सोडला.

तीस वर्षं बांगड्या चढवताना तिच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की माझा हात ढिला पडत आला आहे. तो काही मला विचारून पडत नाही. दुपट्टा खाली बसला, माझं मनगट तिच्या हातात लोंबलं, आणि ते बंगईवरून उत्तमरावांना स्वच्छ दिसलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना पस्तीस रुपयांचा सेठ पाहिजे होता, त्यांची जबान गुंतली होती. मला वाटलं ते हसतील, म्हणतील, वहिनी, झाला ना तुमचा खेळ, चला आता. ते हसले नाहीत. बंगईवरून उतरले, पायांत चपला नव्हत्या तसेच सतरंजीच्या कडेशी आले, आणि बाजारात बोलतात त्या आवाजात म्हणाले,

“सौदा झाला.”

हलीमाबीला काही कळेना. तिनं माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघितलं. उत्तमरावांनीच तिला समजावलं की हात ढिला पडला म्हणजे तुझा शेवटचा आकडा पटला. तिच्या तोंडून ‘सव्वीस?’ असं निघून गेलं आणि ती एकदम मागं सरकली. म्हणाली, मी तर सवयीनं बोलले, हाताला सूज जाणवली म्हणून बोलले, अल्लाची कसम मला हे ठाऊक नव्हतं. मग मान खाली घालून म्हणाली, “तुमचं मन नसन तं मी सौदा सोडला, बाई. माया तर्फेनं सोडला.”

इथं मला राग आला. तिचा नाही, कुणाचा ते मला अजून नीट सांगता येत नाही.

“सौदा सोडनारी तू कोन? मालकीन कोन हाय गाळ्याची?” मी म्हटलं. “चाय पे अन् जाय. चार दिवसांनं निरोप देतो.”

ती चहा न पिता गेली. इनायतुल्ला अंगणात उभा होता तसाच तिच्या मागून गेला. त्यानं फाटकातून वळून गाळा आमच्या अंगणातच असावा तसं एकदा बघून घेतलं.

चार दिवस घरात कुणी तो विषय काढला नाही. रमानं एकदा काढायचा प्रयत्न केला, तिला मी मेथी निवडायला बसवली. मी हिशेब करत होते असं कुणाला वाटेल, पण नऊ रुपयांचा हिशेब करायला किती वेळ लागतो? मी रात्रंदिवस एकच घोकत होते, की मला फसवलं की मी फसले की यातलं काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी उत्तमराव आले. सेठ दुपारच्या वेळेस अकोल्याहून मोटारीनं येतो आहे म्हणाले. बसले नाहीत, चौकटीला हात लावून उभे राहिले.

“वहिनी, तुमचं बोट दुखलं म्हून हात ढिला पडला, असं तुमी म्हनू शकता. दुपट्ट्याखालचं कोनी पाह्यलं?”

“तुमी पाह्यलं.”

“मी पाह्यलं,” ते म्हणाले. “मी खोटं बोलनार नाई. पन मले कोनी इचारलंच नाई, तर मी बोलनार बी नाई. तुमी तुमचं ठरवा.”

चाळीस वर्षं बाजारात बसलेल्या माणसानं मला याहून मोठं काही देणं शक्य नव्हतं, हे मला कळत होतं. बाजारात ज्यानं पडलेला हात बघितला आणि नाकारला, त्याच्यासमोर पुन्हा कुणी दुपट्टा टाकत नाही. मी त्यांना आत बोलावून पोहे दिले. त्यांनी खाल्ले.

सेठ आला. अंगावर रेशमी कोट, बोटांत तीन अंगठ्या, पण बोलायला गोड. मला ‘माताजी’ म्हणाला; माझ्याहून पाचच वर्षांनी लहान असेल. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. अमरावतीत कुणाच्या घरी काय शिजलं हे अकोल्याला आधी कळतं. तो हसत हसत म्हणाला की ऐकलं, घरच्या बायांनी दुपट्टा टाकून काही खेळ केला. बांगडीवाल्या बाया हुशार असतात, हात धरला की त्यांना माणसाचं मन कळतं, ती तुमच्या भोळेपणाचा फायदा घेऊन गेली. त्याचं तो मनाला लावून घेत नाही. पस्तीस बोललो होतो, चाळीस देतो, आजच इसार घ्या. त्यानं पाकीट काढून गुडघ्यावर ठेवलं.

चाळीस. मी दुपट्ट्याखाली मागितले होते तेवढेच. खुशालराव असते तर हसले असते.

मला भोळी म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पण ते मी बाजूला ठेवलं.

“सांगा माताजी,” सेठ म्हणाला. “सौदा झाला होता का नाई झाला?”

त्यानं मला विचारलं होतं. उत्तमरावांना नाही. उत्तमराव खिडकीतून बाहेर बघत होते, सुटायचं दार माझ्यासाठी उघडं ठेवून. बोट दुखत होतं, हे खोटंही नव्हतं. एवढं म्हटलं असतं तर नव्या लायनीतला नऊ नंबर अकोल्याच्या काचेनं भरला असता, माझ्या घरात महिन्याला चाळीस आले असते, दिराची जबान राहिली असती, आणि हलीमाबीनं तर स्वतःच सोडलं होतं. कुणी मला बोट लावलं नसतं.

मी म्हटलं, “मी बाजारात बसत नाई, सेठ. माया घरातले बाजारचे मानूस हे भाऊजी हायेत. त्याइले इचारा.”

उत्तमरावांनी मान वळवली. माझ्याकडे जरा बघितलं. मग सेठकडे.

“झाला होता,” ते म्हणाले. “सव्वीसनं. मी हात पाह्यला.”

सेठचा हात पाकिटावर होता तिथंच राहिला. तो कापसाचा खरेदीदार. उत्तमरावांच्या दुपट्ट्याखाली त्यानं हजारो रुपयांचा माल घेतला होता, कागदाविना. त्यानं पाकीट कोटात घातलं, चहाचा कप उचलला, आणि त्या लायनीत आणखी कुठला गाळा सुटतो आहे का, असं उत्तमरावांना विचारलं. दोघं त्या बोलण्यात लागले. मी आत निघून गेले. आकडा बाहेर पडला एवढं मला खटकलं, पण साक्ष म्हटली की आकडा लागतोच.

कागद करायला आम्ही कचेरीसमोरच्या लिहिणाऱ्याकडे गेलो. मी, उत्तमराव, हलीमाबी आणि इनायतुल्ला. लिहिणाऱ्यानं भाडेकरू म्हणून इनायतुल्लाचं नाव घातलं. मी म्हटलं, खोड. सौदा ज्या हाताशी झाला, त्या हाताचा कागद. लिहिणारा म्हणाला, बाई, दोन्हीकडे बायकाच झाल्या, असा कागद मी कधी केला नाही. मी म्हटलं, मग आज कर, हात बिघडणार नाही. त्याला स्टांपाचा कागद दुसरा घ्यावा लागला; त्याचे पैसे उत्तमरावांनी कुरकुर न करता दिले, यावरून मला समजलं की ते माझ्यावर रागावलेले नाहीत. इनायतुल्ला थोडा हिरमुसला. त्याच्या नावाची पाटी दुकानावर लावायला माझी हरकत नव्हती, तसं मी त्याला सांगितलं. कागद कपाटात राहतो, पाटी रस्त्यावर दिसते. तरण्या माणसाला पाटी पुरते.

मी माझी सही केली. हलीमाबीनं अंगठा दिला. शाई पुसत असताना तिनं हळूच विचारलं की बाई, सव्वीस कमी झाले का, खरं सांगा. मी म्हटलं, कमीच झाले. तिनं मान हलवली. वाढवून देते असं ती म्हणाली नाही, आणि मला ते आवडलं. सौदा झाल्यावर वाढवून देणाऱ्याला आमच्याकडे कच्चा समजतात.

मग मी तिला अटी सांगितल्या, कारण मालकिणीनं अटी सांगायच्या असतात. जोत्यावर पाट्या-टोपल्या मांडायच्या नाहीत. भिंतीला खिळा ठोकायचा तर विचारून. फुटलेली काच रोजच्या रोज झाडून, गोणीत भरून न्यायची. गिऱ्हाईक चपला बाहेर काढून येतं, त्याच्या पायात काच गेली तर नाव माझ्या गाळ्याचं होईल. आणि भाडं महिन्याच्या पाच तारखेला.

“अन् सहा तारीख उजाडली तं?” इनायतुल्लानं विचारलं. तो पहिल्यांदाच बोलत होता.

“तं मी सवता येईन वसुलीले,” मी म्हटलं. “अन् मी आली का पुऱ्या लायनीले ऐकू जाते.”

दुकान होऊन आता वर्ष होत आलं. आत दोन आरसे आहेत, बायकांना बसायला गादीची बाकं आहेत, रस्त्याकडच्या बाजूला पडदा आहे. तहसीलदारीणबाई तिथं येतात असं रमा सांगते, आणि शेजारचा चष्मेवाला, ज्यानं आधी बरीच कुरकुर केली होती, तोही आता आपल्या बायकोला तिथंच पाठवतो. इनायतुल्ला चार तारखेलाच, कधी तीनलाच, भाडं घरी आणून देतो. मला एकदाही जावं लागलं नाही. हलीमाबी आता आळीत येत नाही, आणि थंडी पडल्यापासून माझी पेरं पुन्हा सुजली आहेत.

मी रमाला म्हटलं, त्या पोराला कुणीतरी सांगा, एखाद्या महिन्यात थोडा उशीर केला तरी चालेल.